धर्माचें निशाण आणि घराण्याचें वैर

सोळाव्या शतकांतील फ्रान्सविषयीं आपल्या शालेय पुस्तकांत बहुधा एकच वाक्य असतें: ‘या काळांत तेथें कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांच्यामध्यें धर्मयुद्धें झालीं.’ विद्यार्थी तें पाठ करतो, परीक्षेंत लिहितो आणि विसरून जातो. आम्हींहि पुष्कळ वर्षें तें असेंच शिकविलें. पुढें सवड मिळाल्यावर त्या काळांतील मोठमोठ्या माणसांचीं चरित्रें वाचूं लागलों, तेव्हां ध्यानांत आलें कीं, हें वाक्य खोटें नसलें तरी त्यांत निम्मी गोष्ट सांगावयाची राहून गेली आहे. धर्माचें निशाण तेथें फडकत होतें खरें. परंतु त्या निशाणाची काठी दोन-तीन मोठ्या घराण्यांच्या हातीं होती, आणि त्या घराण्यांचें मूळ भांडण राजाच्या शेजारच्या आसनासाठीं होतें. धर्मभेदामुळें हें भांडण सबंध देशाचें झालें. एका बापाच्या खुनामुळें तें पिढीजात झालें. तें कसें वाढलें आणि अखेर कोणत्या उपायानें शमलें, हें वाचकांपुढें मांडावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम १५१९ हें वर्ष ध्यानांत ठेवावें. त्या वर्षाच्या पहिल्या चार महिन्यांत चार मुलें जन्मास आलीं. फेब्रुवारींत गास्पार द कोलिन्यी आणि फ्रान्स्वा द गीझ हे दोन सरदारपुत्र. मार्चच्या अखेरच्या दिवशीं फ्रान्सचा राजपुत्र हेन्री. आणि एप्रिलमध्यें इटलींतील फ्लॉरेन्स नगरींत, मेदिची नांवाच्या प्रख्यात सावकारी घराण्यांत, कॅथरीन. या चौघांचीं आयुष्यें पुढें एकाच दरबारांत एकमेकांत गुंतलीं. त्यांपैकीं अंथरुणावर स्वाभाविक मृत्यु एकट्या कॅथरीनला आला. आणि तोहि सुखाचा आला नाहीं.

दोन मित्र

कोलिन्यी आणि गीझ हे तरुणपणीं एकमेकांचे मित्र होते, हें ऐकून पुढची हकीकत ज्यांस माऊक आहे त्यांस नवल वाटेल. दोघेहि शूर, दोघांनींहि एकाच राजाच्या चाकरींत तरवार गाजविली. १५५२ सालीं बादशहा पांचवा चार्ल्स यानें मेट्झ शहरास वेढा घातला असतां गीझनें तें शहर राखलें. १५५८ च्या जानेवारींत त्यानें कॅले बंदर इंग्रजांकडून जिंकून घेतलें. इंग्रजांनीं तें १३४७ पासून, म्हणजे दोनशें वर्षांहून अधिक काळ, बळकावलेलें होतें. तेव्हां गीझ हा सर्व फ्रान्सच्या गळ्यांतील ताईत झाला यांत आश्चर्य नाहीं. कोलिन्यीचें दैव मात्र निराळें. तो १५५२ सालीं अ‍ॅडमिरलच्या पदास चढला. परंतु १५५७ सालीं सँ-कांतँ शहराचा बचाव करतांना स्पॅनिश सैन्याच्या हातीं सांपडला. कैदेच्या दिवसांत त्यानें धर्मग्रंथांचें वाचन आरंभिलें आणि त्याचें मन कॅल्व्हिनच्या मताकडे वळलें.

कॅल्व्हिन हा जन्मानें फ्रेंच. पण राजाच्या धाकामुळें तो स्वित्झर्लंडकडील जिनीव्हा शहरीं जाऊन राहिला होता. तेथें तयार झालेले त्याचे उपदेशक गुप्तपणें फ्रान्समध्यें येत व प्रार्थनामंडळें स्थापीत. या नव्या पंथाच्या लोकांस फ्रान्समध्यें ‘ह्यूगेनॉट’ म्हणत. एकंदर प्रजेंत त्यांची संख्या फार झाली तर दहाव्या हिश्शाएवढी होती. परंतु सरदारवर्गांत तिचें प्रमाण याहून पुष्कळ मोठें होतें. याचें कारण समजण्यासाठीं त्या दरबाराची रचना थोडी पाहिली पाहिजे.

प्रांताची सुभेदारी, घोडेस्वारांच्या पथकाची सरदारी, धर्मपीठाचें उत्पन्न, नेमणुका, तनखे, हें सर्व राजाच्या मर्जीनें मिळे. प्रत्येक मोठ्या सरदाराच्या पदरीं शेंकडों लहान सरदार, कारकून व शिलेदार असत. त्यांची आशा एवढीच कीं, आपल्या धन्याचा शब्द राजा ऐकतो, तेव्हां आपल्यालाहि कांहीं लाभेल. एका घराण्याची चलती झाली म्हणजे दुसऱ्या घराण्याच्या आश्रितांच्या चुली थंडावत. अशा वेळीं हिरमुसलेल्या सरदारास कॅल्व्हिनच्या मंडळांत तयार संघटना, पैसा आणि जिवास जीव देणारीं माणसें मिळालीं. आणि त्या छळल्या जाणाऱ्या मंडळांस सरदाराच्या रूपानें तरवारीचा आश्रय मिळाला. दोघांचीहि गरज भागली. पण देवाचें काम आणि घराण्याचें काम यांची सरमिसळ झाली ती कायमची.

म्हणून धर्म हें केवळ निमित्त होतें, असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. पॅरिसच्या न्यायसभेंतील आन द्यु बूर हा न्यायाधीश आपल्या मतासाठीं १५५९ च्या डिसेंबरांत अग्नींत गेला. त्याला कोणती सुभेदारी मिळवावयाची होती? कोलिन्यीचा मामा मोंमोरांसी हा राज्याचा सरसेनापति. तो शेवटपर्यंत कट्टर कॅथलिक राहिला, आणि त्याचे तिघेहि भाचे दुसऱ्या बाजूस गेले. एका कुटुंबाची अशी फाळणी निव्वळ स्वार्थानें होत नाहीं. श्रद्धा खरी होती. परंतु खऱ्या श्रद्धेच्या पाठीवर बसूनच हेवा दूरवर प्रवास करतो, ही यांतील शोचनीय गोष्ट.

पोरवयाचे राजे

राजा दुसरा हेन्री जिवंत होता तोंवर हीं सर्व घराणीं त्याच्या धाकांत होतीं. १५५९ सालीं स्पेनशीं तह झाला. राजकन्येचा विवाह स्पेनच्या दुसऱ्या फिलिपशीं ठरला. पॅरिसमध्यें उत्सव चालूं झाला. ३० जून रोजीं घोड्यावरून भाल्यांनीं लढण्याच्या खेळांत राजा स्वतः उतरला. प्रतिस्पर्धी मोंगोमेरी याचा भाला मोडला व त्याची कांठाळी राजाच्या डोळ्यांतून आंत घुसली. दहा दिवसांनीं, १० जुलै रोजीं, चाळीस वर्षांचा राजा वारला. मागें विधवा कॅथरीन आणि चार मुलगे. थोरला फ्रान्सिस अवघा पंधरा वर्षांचा व प्रकृतीनें नाजूक.

या फ्रान्सिसची राणी स्कॉटलंडची मेरी स्ट्यूअर्ट. ती गीझच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. झालें! राणीचे मामा म्हणून गीझ व त्याचा धाकटा भाऊ, लॉरेनचा कार्डिनल, यांनीं राज्याचीं सूत्रें एका रात्रींत हातीं घेतलीं. सैन्य एका भावाकडे, खजिना व परराज्यव्यवहार दुसऱ्याकडे. मोंमोरांसीस घरीं बसावें लागलें. याहून मोठा अपमान बूर्बों घराण्याचा झाला. हें घराणें राजरक्ताचें. राजवंश खुंटला तर गादी त्यांच्याकडे जावयाची. त्यांतील थोरला आंत्वान हा बायकोच्या हक्कानें नाव्हारचा राजा, आणि धाकटा कोंदे हा तडफदार व महत्त्वाकांक्षी. गीझ हे मूळचे लॉरेन प्रांताचे. तेव्हां ‘हे परकी आपल्या राजास कोंडून बसले आहेत’ अशी हाकाटी बूर्बोंच्या पक्षानें उठविली. १५६० च्या मार्चमध्यें आंब्वाझ येथें राजास गीझच्या ताब्यांतून काढण्याचा कट झाला. तो फसला, आणि किल्ल्याच्या सज्जांवरून कटवाल्यांचीं प्रेतें लोंबूं लागलीं. त्या कटाचा अदृश्य पुढारी म्हणून कोंदे पकडला गेला व त्यास मृत्युदंडाची शिक्षा झाली. इतक्यांत राजाच्या कानाचें दुखणें विकोपास गेलें आणि ५ डिसेंबर १५६० रोजीं तो मरण पावला. कोंदेचें डोकें त्यामुळें धडावर राहिलें. गीझची भाची राणीची विधवा झाली व त्यांची सत्ता जशी एका रात्रींत आली होती तशीच एका रात्रींत गेली.

आतां दहा वर्षांचा नववा चार्ल्स गादीवर आला आणि कारभार त्याच्या आईनें हातीं घेतला. कॅथरीनविषयीं जगांत फार वाईट बोललें जातें, आणि पुढच्या एका रात्रीकरितां तें तिला चुकावयाचेंहि नाहीं. परंतु आरंभीं तिनें जें केलें, तें शहाणपणाचें होतें. चौदाव्या वर्षीं ती परदेशांत नांदावयास आली. नवऱ्याचें मन दुसरीकडे गुंतलेलें. लग्नानंतर दहा वर्षें मूल नाहीं. आणि नंतर दहा अपत्यें. आपल्या मुलांची गादी राखणें हेंच तिचें एकमेव ध्येय बनलें होतें. गीझ बलिष्ठ झाले तर तीं मुलें त्यांचीं बाहुलीं होणार, आणि कोंदे-कोलिन्यी बलिष्ठ झाले तर त्यांचीं! तेव्हां दोघांसहि समतोल राखावें हें तिचें धोरण. तिला मुख्य मंत्री लाभला तो मिशेल द लॉपिताल यासारखा विचारी पुरुष. ल्यूथरवाले, ह्यूगेनॉट, पोपवाले हीं फुटीचीं नांवें टाकून देऊन आपण सर्वांनीं ख्रिस्ती एवढेंच नांव ठेवावें, असें त्यानें भर सभेंत सांगितलें. १५६२ च्या जानेवारींत फर्मान निघालें कीं, प्रॉटेस्टंटांनीं शहरांच्या तटाबाहेर उघडपणें प्रार्थना करण्यास हरकत नाहीं. असा परवाना त्या देशांत हा पहिलाच होता.

बापाचें रक्त

तें फर्मान दोन महिनेहि टिकलें नाहीं. १ मार्च १५६२ रोजीं गीझ आपल्या शिपायांसह वासी गांवावरून जात होता. तेथें एका धान्याच्या कोठारांत ह्यूगेनॉटांची प्रार्थना चालली होती. बाचाबाची झाली, दगड उडाले, आणि शिपायांनीं निःशस्त्र मंडळीवर शस्त्र चालविलें. सुमारें पन्नास माणसें मेलीं. ही कत्तल योजून केली नव्हती, असें गीझनें शेवटपर्यंत सांगितलें. परंतु पॅरिसनें त्याचें विजयी वीराप्रमाणें स्वागत केलें आणि कोंदेनें ओर्लेआं शहर घेऊन युद्ध पुकारलें. त्या वर्षाच्या डिसेंबरांत द्र्यू येथें मोठी लढाई झाली. तींत मोंमोरांसी हा ह्यूगेनॉटांच्या हातीं सांपडला आणि कोंदे हा कॅथलिकांच्या! त्या रात्रीं गीझनें आपल्या शत्रूस, कोंदेस, आपल्याच पंक्तीस जेवावयास घेतलें व आपल्याच बिछान्यावर निजविलें, असें सांगतात. सरदारांचें आपसांतलें वर्तन अजून असें होतें; मरत होते ते शेतकरी आणि शिपाई.

परंतु पुढच्याच फेब्रुवारींत हें सौजन्य संपलें. गीझ ओर्लेआंस वेढा घालून बसला होता. १८ फेब्रुवारी १५६३ रोजीं सायंकाळीं तो घोड्यावरून तळाकडे परतत असतां पोल्त्रो नांवाच्या एका ह्यूगेनॉट सरदारानें झाडीआडून त्याच्या पाठींत गोळ्या घातल्या. सहा दिवसांनीं तो वारला. पोल्त्रो पकडला गेला व यातना होतांच त्यानें कोलिन्यीचें नांव घेतलें.

कोलिन्यीनें जें उत्तर पाठविलें तें मोठें विलक्षण आहे. आपण त्या मनुष्यास हेर म्हणून नेमलें व पैसे दिले हें त्यानें कबूल केलें. खून करावयास सांगितलें नाहीं, असें शपथपूर्वक लिहिलें. आणि पुढें आपण होऊन जोडलें कीं, गीझच्या मरणापेक्षां राज्यास, धर्मास व आपल्या घराण्यास अधिक हितकारक गोष्ट घडली नसती. पंचेचाळिशींत शिरलेल्या मनुष्यानें आपल्या बाळमित्राच्या चितेपुढें बोललेला हा शब्द! सत्य बोलणें हा सद्गुण होय. पण त्या ओळी गीझच्या वाड्यांत कशा वाचल्या गेल्या असतील, याची कल्पना करावी. तेथें आन देस्ते ही विधवा होती, आणि तिचा थोरला मुलगा हेन्री बारा वर्षांचा होता.

आन देस्ते हिनें काळीं वस्त्रें परिधान करून, मुलें व नातलग बरोबर घेऊन राजापुढें न्याय मागितला. राजानें, म्हणजे कॅथरीननें, निकाल लांबणीवर टाकला. १५६६ च्या जानेवारींत मूलॅं येथें दरबारानें कोलिन्यी निर्दोष असल्याचें जाहीर केलें आणि दोन्ही घराण्यांकडून सर्वांसमक्ष आलिंगनें देवविलीं. तरुण हेन्रीनें मात्र तो समेट मनापासून स्वीकारला नाहीं. हुकुमानें हात हातांत देतां येतो, मन देतां येत नाहीं. ज्या मुलाच्या कानांवर तीन वर्षें अहोरात्र एकच गोष्ट पडत आली, त्याचें वैर दरबारी समारंभानें जाणार कसें?

लग्न आणि कत्तल

मधल्या वर्षांचा वृत्तांत थोडक्यांत आटोपतों. १५६७ सालीं कोंदे व कोलिन्यी यांनीं राजासच पळवून नेण्याचा बेत केला. तो साधला नाहीं; पण कॅथरीनचा त्यांच्यावरील विश्वास त्या दिवशीं उडाला आणि लॉपितालसारख्या मवाळ मंत्र्याचें वजन नाहींसें झालें. मोंमोरांसी १५६७ च्या लढाईंत पडला, कोंदे १५६९ च्या. आंत्वान तर पूर्वींच रूआंच्या वेढ्यांत जखमी होऊन मेला होता. अशा रीतीनें पहिल्या पिढींतून एकटा कोलिन्यी उरला. १५७० सालीं तह झाला. पुढच्या वर्षीं तो दरबारीं आला आणि एकवीस वर्षांचा राजा चार्ल्स त्याच्या वजनाखालीं इतका आला कीं, त्यास ‘बाबा’ म्हणूं लागला. नेदरलंडमध्यें स्पेनविरुद्ध युद्ध करावें, म्हणजे दोन्ही पंथांचे फ्रेंच लोक एका शत्रूपुढें एक होतील, असा कोलिन्यीचा आग्रह होता. कॅथरीनला स्पेनच्या सामर्थ्याचें भय होतें. आणि मुलगा हातांतून जातो, याचें भय त्याहून मोठें होतें.

कायमचा समेट व्हावा म्हणून राजाची बहीण मार्गरेत हिचा विवाह आंत्वानचा मुलगा, नाव्हारचा हेन्री, याच्याशीं ठरला. मुलगी कॅथलिक, मुलगा प्रॉटेस्टंट. १८ ऑगस्ट १५७२ रोजीं नोत्र-दाम मंदिराबाहेर उभारलेल्या मंडपांत लग्न लागलें. पुढील पूजाविधीस वधू आंत गेली, वर बाहेर राहिला. सर्व प्रमुख ह्यूगेनॉट सरदार वऱ्हाडी म्हणून पॅरिसांत जमले होते.

२२ तारखेस सकाळीं कोलिन्यी राजवाड्यांतून पायीं परत जात असतां एका घराच्या खिडकींतून गोळी आली. त्याच्या उजव्या हाताचें बोट तुटलें व डावा हात जखमी झाला. घर निघालें गीझच्या एका जुन्या शिक्षकाचें! गोळी झाडणारा मोर्व्हेर पळाला. त्यास कोणीं नेमलें याविषयीं इतिहासकारांचें आजहि एकमत नाहीं. कोणी गीझ म्हणतात, कोणी कॅथरीन, कोणी स्पेन. राजा स्वतः कोलिन्यीच्या समाचारास गेला व अपराध्यास शासन करीन असें त्यानें वचन दिलें. परंतु शहरांत हजारों संतप्त ह्यूगेनॉट. त्यांनीं सूड घेण्यापूर्वीं आपणच घाव घालावा, असें दुसऱ्या दिवशीं राजवाड्यांतील गुप्त मसलतींत ठरलें. कॅथरीननें व तिच्या सल्लागारांनीं राजाचें मन वळविलें. ह्यूगेनॉट पुढाऱ्यांस मारावें, एवढाच तो हुकूम होता.

२४ ऑगस्टच्या पहाटेपूर्वीं, सेंट बार्थोलोम्यूच्या सणाच्या दिवशीं, गीझ आपल्या लोकांसह कोलिन्यीच्या दारीं आला. त्याचा नोकर बेम यानें आजारी अ‍ॅडमिरलास भोंसकलें आणि प्रेत खिडकींतून खालीं टाकलें. खालीं चौकांत हेन्री द गीझ उभा होता. बापाच्या मृत्यूस साडेनऊ वर्षें झालीं होतीं. द्रोणाचार्यांच्या वधानें पेटलेला अश्वत्थामा निजलेल्या छावणींत शिरला, ती महाभारतांतील रात्र येथें कोणासहि आठवेल.

आणि येथें एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. कोलिन्यी मेल्यावर याच गीझनें आपल्या वाड्यांत कित्येक ह्यूगेनॉटांस आश्रय देऊन वांचविलें. त्याला हवें होतें तें एका माणसाचें रक्त. तें मिळतांच तो तृप्त झाला. पण लोक तृप्त झाले नाहींत. देवळाची घंटा वाजली, आणि दंडास पांढरी फीत बांधून शेजारी शेजाऱ्याच्या घरांत शिरला. बायकांमुलांचीहि गय झाली नाहीं. राजानें थांबविण्याचे हुकूम सोडले; ते कोणीं ऐकले नाहींत. पॅरिसमध्यें दोन ते तीन हजार माणसें मारलीं गेलीं, आणि पुढील कांहीं आठवड्यांत इतर शहरांत आणखी कित्येक हजार. घराण्याच्या वैरानें धर्माचा दिवा हातीं घेतला कीं, दिवा धरणाऱ्याच्या हेतूपुरती आग लागत नाहीं, सबंध गांव जळतें.

वैराचा वारसा

त्या रात्रीं ज्यांचा संसार उद्ध्वस्त झाला त्यांत कोलिन्यीची कन्या लुईझ ही होती. वय सोळा, लग्नास वर्षच झालें होतें. बाप आणि पति तेलिन्यी दोघेहि एकाच रात्रीं गेले. अकरा वर्षांनीं तिनें नेदरलंडचा पुढारी ऑरेंजचा विल्यम याच्याशीं विवाह केला. सव्वा वर्षाच्या आंत, १५८४ च्या जुलैंत, तोहि एका मारेकऱ्याच्या गोळीस बळी पडला. मांडीवर कांहीं महिन्यांचा मुलगा आणि घरांत सवतीच्या पोरक्या मुली. त्या सर्वांचें तिनें पालन केलें. तो मुलगा, फ्रेडरिक हेन्री, पुढें डच राज्याचा नामांकित मुख्य झाला.

गीझच्या घरीं काय झालें? नववा चार्ल्स १५७४ सालीं तेविसाव्या वर्षीं वारला व त्याचा भाऊ तिसरा हेन्री गादीवर आला. त्यास मूल नव्हतें. १५८४ सालीं त्याचा शेवटचा भाऊहि मेला, तेव्हां गादीचा वारस ठरला नाव्हारचा हेन्री. म्हणजे एक प्रॉटेस्टंट! गीझनें स्पेनचा पैसा घेऊन ‘पवित्र संघ’ नांवाचा कॅथलिक पक्ष उभारला. १२ मे १५८८ रोजीं पॅरिसच्या लोकांनीं रस्त्यांत पिंपांचे अडसर रचून राजाच्या सैन्यास अडविलें आणि राजास स्वतःची राजधानी सोडून पळावें लागलें. आतां मुकुटाखेरीज सर्व कांहीं गीझचें झालें होतें. त्यास सावध करणाऱ्या चिठ्ठ्या येत. पण राजाची तेवढी छाती नाहीं, असें तो हंसून म्हणे. २३ डिसेंबरच्या सकाळीं ब्ल्वा येथील वाड्यांत राजानें त्यास आपल्या खोलींत बोलाविलें आणि पहारेकऱ्यांनीं त्यास तेथेंच भोंसकलें. दुसऱ्या दिवशीं त्याचा भाऊ, कार्डिनल, यासहि मारलें.

त्याच वाड्यांत खालच्या मजल्यावर कॅथरीन आजारी होती. बारा-तेरा दिवसांनीं, ५ जानेवारी १५८९ रोजीं, ती वारली. दहा मुलांपैकीं दोनच जिवंत होतीं, आणि त्यांपैकीं एकाच्या हातीं नुकतेंच रक्त लागलें होतें. ऑगस्टच्या पहिल्या तारखेस एका माथेफिरू कॅथलिक संन्याशानें त्या राजाच्याहि पोटांत सुरी खुपसली. ज्या गादीसाठीं कॅथरीननें तीस वर्षें कारस्थानें केलीं, ती तिच्या वंशाकडून कायमची गेली.

आन देस्ते हिनें नवऱ्यासाठीं न्याय मागितला होता. तिला दोन मुलांचे खून पाहावे लागले. सूडाच्या व्यवहारांत व्याज फार चढतें, आणि तें फेडावें लागतें तें पुढच्या पिढीस.

फिरावयास नेलेला शत्रु

नाव्हारचा हेन्री हा आतां चौथा हेन्री म्हणून राजा झाला. वैर करण्यास याच्याइतकीं कारणें कोणासहि नव्हतीं. त्याच्या लग्नाचे वऱ्हाडी कापले गेले होते. त्याला स्वतःला मरणाच्या भयानें धर्म बदलावा लागला होता व साडेतीन वर्षें दरबारांत कैद्यासारखें राहून निसटावें लागलें होतें. त्यानें चार वर्षें युद्ध केलें. शेवटीं प्रजेच्या बहुसंख्येचा धर्म तोच राजाचा असावा हें ओळखून २५ जुलै १५९३ रोजीं त्यानें कॅथलिक पंथ पुन्हां स्वीकारला, आणि २२ मार्च १५९४ रोजीं फारसा रक्तपात न होतां तो पॅरिसांत शिरला. स्पॅनिश शिबंदीस त्यानें त्याच दिवशीं सुखरूप जाऊं दिलें. त्या संध्याकाळीं तो गीझची बहीण मोंपांसिए हिच्याकडे पत्ते खेळावयास बसला असें सांगतात. ही बाई त्याची हाडवैरी होती. खून झालेल्या गीझच्या मुलास त्यानें प्रोव्हांसची सुभेदारी दिली. आन देस्तेनेंहि नव्या राजाशीं सलोखा केला. ती १६०७ पर्यंत जगली.

१५९८ च्या एप्रिलमध्यें त्यानें नांत येथें प्रसिद्ध फर्मान काढलें. मनाप्रमाणें धर्म मानण्याची मोकळीक सर्वत्र. नेमलेल्या ठिकाणीं प्रॉटेस्टंटांस उघड प्रार्थना. सरकारी नोकऱ्या त्यांस खुल्या. त्यांचे खटले चालविण्यास दोन्ही पंथांच्या न्यायाधीशांचीं न्यायालयें. आणि संरक्षणासाठीं कांहीं तटबंदीचीं शहरें. पण आमच्या मतें त्या फर्मानाचें मर्म पहिल्याच कलमांत आहे. मागें दोन्ही बाजूंनीं जें घडलें त्याची आठवण, तें घडलेंच नाहीं असें समजून, विझवून टाकावी, अशी त्याची आज्ञा आहे. छत्तीस वर्षें लढल्यावर त्या राष्ट्रास प्रथम काय शिकावें लागलें, तर विसरावयास!

हें सर्व चिरकाल टिकलें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. चौथा हेन्री १६१० सालीं एका माथेफिरूच्या सुरीनें मेला, आणि त्याचाच नातू चौदावा लुई यानें १६८५ सालीं तें फर्मान रद्द केलें. सुमारें दोन लाख उद्योगी ह्यूगेनॉट देश सोडून गेले. फ्रान्सचें कसब शेजाऱ्यांच्या घरीं नांदूं लागलें. परंतु मधल्या काळांत सरदारघराण्यांचें तें जुनें वैर खरोखर निमालें होतें, आणि तें कसें निमालें याची एक लहानशी गोष्ट हेन्रीचा मंत्री स्यूली यानें लिहून ठेविली आहे.

मेयेन हा गीझचा भाऊ. ब्ल्वाच्या खुनांनंतर त्यानेंच संघाचें नेतृत्व करून राजाशीं वर्षानुवर्षें युद्ध केलें. १५९६ च्या आरंभीं तो शरण आला. मेयेन देहानें भलताच स्थूल, आणि त्यांत संधिवात झालेला. राजानें त्यास प्रेमानें आलिंगन दिलें, त्याचा हात धरला आणि बाग दाखविण्याच्या निमित्तानें त्यास झपझप चालवूं लागला. मेयेनला धाप लागली, चेहरा लाल झाला, पाय ओढवेनात. तरी तो तोंडानें कांहीं बोलेना. शेवटीं राजा थांबला, हंसला, आणि म्हणाला कीं, यापुढें माझ्याकडून तुला होईल तो त्रास एवढाच. मग त्यास विसांवा घ्यावयास पाठवून आपल्या तळघरांतील उत्तम मद्याच्या दोन बाटल्या देवविल्या. त्या दिवसानंतर मेयेन मरेपर्यंत राजनिष्ठ राहिला.

एका बाजूस मूलॅंच्या दरबारांतील हुकुमी आलिंगन, आणि दुसऱ्या बाजूस बागेंतील ही फेरी. पहिल्यांत सर्व विधि यथासांग झाला होता. दुसऱ्यांत ज्याचें खरोखर कांहीं गमावलें होतें, तो आपण होऊन हंसला. हेन्री द गीझ बारा वर्षांचा असतां त्याच्या घरांत त्याला कोणी निराळी गोष्ट सांगितली असती, तर पुढचें किती टळलें असतें, हें सांगणें कठीण. परंतु वैर जन्मतें रणांगणांत किंवा दरबारांत, आणि वाढतें तें घरांत, दिवेलागणीनंतरच्या बोलण्यांत, लहान मुलें ऐकत असतांना. आपल्याहि घरांत भाऊबंदकीच्या व जुन्या अपमानांच्या गोष्टी निघतातच. त्या कोणासमोर आणि कशा सांगाव्या, याचा विचार वडील मंडळींनीं अवश्य करावा.